बैलांनी ओढलेली आगगाडी आणि चाकाचा हिशेब

1862 साली बडोदे संस्थानात मियागाम ते डभोई अशी रेल्वे सुरू झाली, तेव्हा गाडीपुढे इंजिन नव्हतं, बैल जुंपलेले होते. खंडेराव महाराज गायकवाडांच्या कारकिर्दीतली ही अडीच फुटी नॅरोगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर. भारतातली ही पहिलीच. मागवलेल्या इंजिनांना तिचे रूळ हलके पडले, आणि 1873 साली मार्ग मजबूत करून पुन्हा सुरू केला तेव्हा कुठे वाफेचा कारभार रुळावर आला. प्रतापनगर, डभोई ही नावं घेतली की बडोद्यातली जुनी मंडळी बैलांची ही गोष्ट हटकून सांगतात, आणि ती बहुधा नवलाची म्हणून सांगितली जाते. खरं तर तिच्यामागे पक्का हिशेब आहे. बैल तेच, त्यांची चालही तीच, मग लोखंडी रूळ अंथरायचा खर्च कशासाठी केला? हे समजलं की चाकाचा पाच-साडेपाच हजार वर्षांचा सगळा प्रवास समजतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकू. चाक एकटं काहीच करत नाही. आत ते आसावर, म्हणजे मधल्या दांड्यावर, फिरतं आणि खाली ते वाटेवर चालतं. या दोन जागी काय घडतं, त्यावर माणूस किती लांब आणि किती ओझं घेऊन जाईल ते ठरतं. माणसाच्या प्रवासात जे मोठे बदल झाले, ते या दोन जागांपैकी एखादी सुधारली तेव्हाच झाले.

ओढ किती लागते?

एक टन वजन घेऊ. गाडीचं वजन आणि माल मिळून 1000 किलो. हे ओझं घसरगाडीसारखं कोरड्या जमिनीवरून फरफटत न्यायचं तर साधारण 500 किलोची ओढ लागते. 500 किलोची ओढ म्हणजे 500 किलोचा दगड दोराने कप्पीवरून वर खेचायला लागेल तितका जोर. बैलाला दिवसभर काम करायचं असेल तर तो स्वतःच्या वजनाच्या दहा-बारा टक्के इतकीच ओढ सतत देऊ शकतो. जोडीचं वजन 800 किलो धरलं तर ओढ झाली 80 ते 95 किलो. म्हणजे एका टनाला पाच-सहा जोड्या लागल्या.

आता तेच ओझं चाकावर ठेवू. घासण्याची जागा जमिनीवरून उठून आसावर आली. तिथे दोन फायदे होतात. पहिला म्हणजे आसाला वंगण देता येतं, रस्त्याला देता येत नाही. दुसरा फायदा मोठा आहे, आणि तो सहसा कुणी सांगत नाही. चाकाचा व्यास 140 सेंटिमीटर आणि आसाचा 7 सेंटिमीटर असेल, तर गाडी 20 हात पुढे जाते तेव्हा आसाचा पृष्ठभाग फक्त 1 हात घासतो. त्यामुळे घर्षणाचा अडसर विसाव्या भागावर येतो. वंगण दिलेल्या आसाचं घर्षण वजनाच्या 20 टक्के धरलं, तर 1000 किलोला 200 किलो, आणि त्याचा विसावा भाग म्हणजे 10 किलो. पाचशेचे दहा झाले!

चाक मोठं आणि आस बारीक असावा हा नियम इथून येतो. पण लाकडी आस फार बारीक केला की ओझ्याने मोडतो, म्हणून जुन्या गाड्यांचे आस जाडजूड असत आणि ओढ वाढत असे. लोखंडी आस आला तेव्हा ही कोंडी सुटली. वंगण म्हणून गुजरातेत मुबलक पिकणाऱ्या एरंडीचं तेल चाले. एरंडेल दाट असतं, दाबाखाली चटकन निसटत नाही, म्हणून ते या कामाला चांगलं. वंगण संपलं की आधी कुरकुर ऐकू येते, मग तुंबा, म्हणजे चाकाचा आस बसणारा मधला गड्डा, तापतो, आणि तरीही गाडी हाकली तर तुंब्याचं भोक मोठं होऊन चाक डुलायला लागतं. डुलणारं चाक सरळ चालत नाही, वाट खरवडत चालतं, आणि बैलांवरचा भार नकळत वाढत जातो.

चाक घडवणं

जाड ओंडक्याची चकती कापली की चाक झालं, असं चित्र लहान मुलांच्या पुस्तकांत असतं. ते खरं नाही. झाडाचे तंतू बुंध्यापासून शेंड्याकडे जातात. आडव्या कापलेल्या चकतीत ते सगळे आखूड उभे राहतात आणि एकमेकांना धरून ठेवत नाहीत. लाकूड वाळताना मध्यापासून कडेपर्यंत चीर पडते, आणि ओझ्याखाली चकती त्या चिरेवर फुटते. म्हणून सुरुवातीची चाकं उभ्या फळ्या शेजारी शेजारी ठेवून, आडव्या पट्ट्यांनी जोडून केलेली असत. स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाजवळच्या दलदलीत सापडलेलं चाक इसवी सनापूर्वी सुमारे 3150 सालचं आहे. ते ॲश नावाच्या झाडाच्या फळ्यांचं आहे आणि त्याचा आस ओकच्या लाकडाचा. त्याचं मधलं भोक चौकोनी आहे, म्हणजे चाक आणि आस एकत्र फिरत होते. आपल्याकडे सिंधू संस्कृतीतल्या मातीच्या खेळगाड्या प्रसिद्धच आहेत, आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला 1974 साली बैल जुंपलेला काशाचा रथ सापडला, त्याची चाकंही भरीव.

भरीव चाक मजबूत पण जड. इसवी सनापूर्वी 2000 च्या सुमारास उरल पर्वताजवळच्या सिंताश्ता भागात आऱ्यांची चाकं आली, घोडा जुंपलेला हलका रथ शक्य झाला आणि चाकाला पहिल्यांदा वेग मिळाला. तोपर्यंत, आणि सामान्य माणसासाठी त्यानंतरही तीन-साडेतीन हजार वर्षं, चाकाने वेग दिला नव्हता. चालणारा माणूस तासाला चार-पाच किलोमीटर जातो, बैलगाडी तीन-चार. गाडीने दिलं ते ओझं वाहण्याचं बळ. बायकामुलं, म्हातारी माणसं, वर्षाचं धान्य, भांडीकुंडी असं सगळं घेऊन बिऱ्हाड हलवता येऊ लागलं. चालणाऱ्याचा एकट्याचा प्रवास कुटुंबाचा झाला.

आऱ्यांच्या चाकाची सगळी कसोटी शेवटच्या कामात असते, ते म्हणजे लोखंडी धाव, चाकाच्या घेरावरची पट्टी, चढवण्यात. मधे तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आणि आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले परिघाचे बाकदार लाकडी तुकडे. एवढ्याने चाक गोल दिसतं, पण दोन-चार मैलांत खिळखिळं होईल. धाव त्याला चहूबाजूंनी आवळून धरते. 140 सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा घेर होतो 440 सेंटिमीटर. धाव मुद्दाम दीड-दोन सेंटिमीटर कमी घेराची करतात. मग ती जमिनीवर आडवी ठेवून भोवती गोवऱ्या रचून पेटवतात. लोखंड 500 अंशांनी तापलं की 440 सेंटिमीटरच्या घेरात सुमारे अडीच सेंटिमीटर वाढतं. धाव आता चाकापेक्षा मोठी झाली. दोघा-तिघांनी चिमट्यांनी उचलून ती चाकावर ठेवायची, घणाने सारखी ठोकायची आणि लगेच पाणी ओतायचं. लाकूड धुमसत असतं, एखाददुसरी ज्वाळाही निघते, म्हणून पाण्याची घागर हाताशी आधीच लागते. लोखंड आकसतं तसे सगळे सांधे कडकड वाजत आत बसतात.

इथे चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. घेर फारच कमी ठेवला तर आवळण्याचा जोर आऱ्यांवर येतो, आरे वाकतात किंवा तुंब्यात फाटतात. घेर पुरेसा कमी नसेल तर धाव पहिल्याच उन्हाळ्यात सैल होते. पाणी एकाच बाजूने ओतलं तर तिकडचं लोखंड आधी आकसतं आणि चाक लंबगोल होतं. लाकूड नीट न वाळवता वापरलं असेल, तर धाव कितीही बरोबर असली तरी पुढे लाकूड आकसून ती ढिली पडणारच. चैत्र-वैशाखात धाव वाजायला लागली की चाकं काढून ओढ्यात किंवा डबक्यात बुडवून ठेवायची, लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट होते. हा तात्पुरता उपाय. कायमचा उपाय म्हणजे धाव कापून, आखूड करून पुन्हा चढवणं.

वाट नसेल तर चाक व्यर्थ

मघाचा हिशेब अर्धाच होता. आसावर 10 किलो लागले, पण चाकाला जमिनीकडूनही अडसर होतो. चाक जमिनीत रुततं, आणि पुढे सरकताना त्याला सतत स्वतःने केलेल्या खड्ड्यातून वर चढावं लागतं. एका टनाला ही ओढ चांगल्या खडीच्या रस्त्यावर 20 ते 30 किलो, कोरड्या कच्च्या वाटेवर 40 ते 50, आणि चिखलात दीडशेच्याही वर. डभोई-करजणकडची काळी कापसाची जमीन पाणी पिऊन फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. चार महिने तिथे भरलेली गाडी निघत नसे. 1861 साली सुरतेकडून येणारी रेल्वे बडोद्याला पोहोचली होती, मियागाम तिच्यावरचं स्टेशन. पण स्टेशनपर्यंत माल पोहोचला तर त्या रेल्वेचा उपयोग. त्यातच अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 पासून कापसाला भाव आलेला. पहिली नॅरोगेज नेमकी याच पट्ट्यात का झाली, ते यावरून ध्यानात येईल.

चाक माहीत असूनही लोक ते वापरत नव्हते, अशी उदाहरणं जगात भरपूर आहेत. मेक्सिकोत प्राचीन काळी चाकांची मातीची खेळणी होती, पण ओढणारं जनावर नव्हतं, म्हणून गाडी नव्हती. अरबस्तानात आणि आसपास उंट आल्यावर गाड्या मागे पडल्या, कारण उंटाला रस्ता लागत नाही. आपल्या सह्याद्रीचंही तेच. देशावरून कोकणात उतरणारा माल शतकानुशतकं लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून गेला. बोरघाटात गाडीरस्ता झाला तो 1830 साली. त्याआधी पुण्याहून पनवेलला गाडी सरळ उतरवता येत नव्हती. गाडी होती, बैल होते, वाट तेवढी नव्हती.

खडीच्या रस्त्याचं श्रेय स्कॉटलंडच्या जॉन मॅकॲडमकडे जातं, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्याची मूळ कल्पना साधी. खालची जमीन कोरडी राहिली तर ती कितीही वजन पेलते, म्हणून रस्ता उंच, मधे थोडा फुगीर आणि वरच्या थराचा दगड गाडीच्या धावेच्या रुंदीपेक्षा लहान. दगड लहान असला की चाक त्याला उडवत नाही, दाबतं, आणि कोनदार खडी एकमेकांत अडकून बसते. आजही रस्ता पहिल्या पावसात उखडतो तेव्हा बहुतेक वेळा पाण्याचा निचरा चुकलेला असतो. डांबर वरून कितीही काळंभोर दिसो.

रुळावर

लोखंडी चाक लोखंडी रुळावर जवळपास रुततच नाही. जुन्या पद्धतीच्या आसांसकट एका टनाला 5 किलोच्या आसपास ओढ पुरते. बैलजोडी 90 किलो ओढते असं धरलं, तर कच्च्या वाटेवर (आस धरून टनाला 60 किलो) ती दीड टन नेईल, आणि सपाट रुळावर 18 टन. तीच जोडी, तोच चारा, बारा पट माल. खंडेरावांच्या रेल्वेत इंजिन नसूनही ती फायद्याची का होती, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

पण रूळ एक गोष्ट सोसत नाहीत, ती म्हणजे चढ. 100 मीटरला 1 मीटर चढ असेल तर प्रत्येक टनामागे 10 किलो ओढ वाढते, वाट कुठलीही असो. कच्च्या रस्त्यावर 60 चे 70 झाले, बैलाला फारसं कळलंही नाही. रुळावर 5 चे 15 झाले! जोडीचे 18 टन एकदम 6 टनांवर आले. रेल्वे डोंगर पोखरते, भराव घालते, दहा किलोमीटरचा वळसा घेते, ते याच कारणाने. इंदूरजवळ पातालपाणी ते कालाकुंडचा घाट 40 ला 1 चढाचा आहे. तिथे टनामागे 25 किलोची भर पडते, म्हणून गाडीला मागून लोटणारं जादा इंजिन लावावं लागे. डभोईकडचा मुलूख सपाट, बैलांचं तिथे निभावलं. पातालपाणीला निभावलं नसतं.

आता वळणाकडे येऊ. रेल्वेच्या चाकाबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज इथलाच. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं. बैलगाडीची दोन चाकं 140 सेंटिमीटर अंतरावर असतील, तर काटकोनात वळताना बाहेरच्या चाकाला सव्वादोन मीटर जास्त जावं लागतं. बैलगाडीत आस स्थिर आणि चाकं सुटी, त्यामुळे ती आपापल्या वेगाने फिरतात. मोटारीत इंजिनचा जोर दोन्ही चाकांना द्यायचा असतो आणि वेग वेगळे ठेवायचे असतात, म्हणून डिफरन्शियल लागतं. रिक्षातही ते असतं. रेल्वेत मात्र दोन्ही चाकं आसावर घट्ट दाबून बसवलेली, एकाच वेगाने फिरणारी. मग ती वळते कशी?

बहुतेकांना वाटतं की चाकाची आतली कडा रुळाला अडून गाडी वळवते. कडा फक्त शेवटचा आधार आहे. खरं काम करतो तो चाकाचा उतार. रेल्वेचं चाक सपाट नसतं, आतून बाहेर निमुळतं होत जातं, ठरलेलं प्रमाण 20 ला 1. वळणावर चाकांची जोडी किंचित बाहेर सरकते, तेव्हा बाहेरचं चाक आपल्या मोठ्या व्यासावर टेकतं आणि आतलं लहान व्यासावर. दोघांचे फेरे तेवढेच, पण बाहेरचं जास्त अंतर जातं. दोन कागदी चहाचे कप तोंडाला तोंड लावून चिकटवा आणि दोन समांतर पट्ट्यांवर सोडा. तिरके सोडले तरी ते स्वतःच मधे येतात. बुडाला बूड लावून चिकटवले तर लगेच खाली पडतात.

हिशेबच मांडायचा तर, ब्रॉडगेजचं 915 मिलिमीटर व्यासाचं चाक 1 सेंटिमीटर सरकलं, तर या उताराने सुमारे 800 मीटर त्रिज्येचं वळण कडा न टेकता जमतं. नॅरोगेजवर 600 मिलिमीटरचं चाक तेवढंच सरकलं तर सुमारे 240 मीटरचं. रूळ जवळ असले की वळण आवळता येतं, शेतं-गावं चुकवून मार्ग स्वस्तात नेता येतो. गायकवाडांनी, आणि पुढे ग्वाल्हेरला शिंद्यांनी तर दोन फुटीच, अरुंद रूळ निवडले त्यामागे हा व्यवहार होता. वळण याहून आवळलं की कडा रुळाला घासते. रात्री यार्डातून येणारी कर्कश किंकाळी ती हीच.

याच उताराचा वेगात त्रास होतो. चाकांची जोडी मधे येताना पलीकडे जाते, पुन्हा परत येते, आणि वेग वाढला की ही डोलण्याची लाट वाढत जाते. म्हणून जपानने शिंकान्सेनच्या, म्हणजे आपल्या बुलेट ट्रेनच्या, चाकांचा उतार निम्मा, 40 ला 1 केला. उतार कमी केला की आवळ वळणं जमत नाहीत, तेव्हा मार्गच जवळजवळ सरळ हवा. बडोद्यावरून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला जुने रूळ चालत नाहीत, वेगळा मार्ग बांधावा लागतो, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

हवेचं चाक

रूळ सगळीकडे नेता येत नाहीत. रस्त्यावर उरलेला प्रश्न खडखडाटाचा होता. लोखंडी धावेखाली खडा आला की चाकाला, आणि त्याबरोबर गाडीच्या त्या सगळ्या बाजूला, खड्यावरून उचलावं लागतं. त्यात ओढ वाया जाते, माल आणि माणसं दोन्ही हादरतात. हवेची धाव खडा पोटात घेते, चाकाचा मध्य जागचा हलत नाही. रॉबर्ट थॉमसनने 1845 सालीच याचं पेटंट घेतलं होतं, पण तेव्हा त्याला गिऱ्हाईक नव्हतं. 1888 साली बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना पुन्हा शोधली. तोवर सायकल आली होती, आणि टायरला बाजार मिळाला. खेड्यातल्या रबरी चाकाच्या बैलगाडीला लोक डनलॉप म्हणू लागले ते त्यामुळे. बेअरिंग आणि टायर बसवल्यावर चांगल्या रस्त्यावर टनाला 20 किलोच्या आत भागतं, त्यामुळे एक जोडी पूर्वीच्या दुप्पट-तिप्पट ओझं नेते. उतारावर मात्र तीच गाडी बैलांच्या अंगावर येते. लोखंडी धाव घासून वेग आवरत असे, टायर आवरत नाही. अशा गाडीला ब्रेक हवाच, आणि तो नसलेल्या गाड्या आजही दिसतात.

टायर वजन पेलतो ते रबराने नव्हे, आतल्या हवेने. माणसं धरून 1300 किलोची मोटार असेल तर एका चाकावर 325 किलो. हवा 33 पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे 2.3 किलो. भागाकार केला की 140 चौरस सेंटिमीटर, जेमतेम तळहाताएवढी जागा रस्त्याला टेकलेली. ब्रेक, वळण, सगळं त्या चार तळहातांवर. हवा कमी झाली की ही जागा वाढते. पकड वाढली असं वाटतं, पण टायरच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडतात, तापतात, आणि आतले धागे सुटायला लागतात. वैशाखात अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर टायर फुटले की लोक म्हणतात उन्हाने हवा जास्त झाली. उन्हाने दाब वाढतो हे खरं, दर 10 अंशांना दीड पीएसआयच्या आसपास, पण टायर तेवढ्यासाठी बनवलेला असतो. जास्त वेळा मूळ दोष कमी हवेचा किंवा जुन्या रबराचा असतो.

म्हणून हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना तपासावी. आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, तो घ्यावा. टायरच्या बाजूला छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, भरायचा नव्हे. गरम टायरमध्ये दाब जास्त दिसला म्हणून हवा सोडू नये, तो थंड झाल्यावर कमी पडेल. नक्षी मधे झिजली असेल तर हवा जास्त भरली जाते आहे, दोन्ही कडांना झिजली असेल तर कमी, आणि एकाच कडेला झिजली असेल तर चाकांची अलाइनमेंट चुकली आहे. पावसाळ्यात नक्षीच्या चरांची खोली बघावी. मोटारीला ती 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बदलायचा. चर पाणी बाहेर काढतात. ते उथळ झाले की पाण्याचा थर टायरला उचलतो, आणि 33 पीएसआयच्या टायरला हे ताशी 95 किलोमीटरच्या सुमारास होऊ शकतं. स्टिअरिंग अचानक हलकं लागलं तर तेच झालं आहे. अशा वेळी ब्रेक दाबू नये, स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा, म्हणजे वेग उतरून रबर पुन्हा डांबराला टेकतं.